मोहोळसाहेब, आकाशातल्या जागांची कुस्ती मैदानात होऊ द्या

मा. श्री. मुरलीधर मोहोळ यांस,
राज्यमंत्री, नागरी विमान वाहतूक मंत्रालय,
राजीव गांधी भवन, नवी दिल्ली.

स. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहिते आहे, कारण आपल्या मंत्रालयाच्या पाटीवर सध्या दोन मंत्र्यांची नावं आहेत आणि त्यातलं एक पुण्याचं आहे. राममोहन नायडूसाहेबांना लिहायचं तर इंग्रजीत लिहावं लागेल, ते मुलीकडून तपासून घ्यावं लागेल, आणि ती त्यातला सगळा राग काढून टाकेल. म्हणून आपल्याला.

मी चिपळूणला विमान तिकिटांचं दुकान चालवते. सासऱ्यांनी सुरू केलेलं, १९९९ पासून मी बघते. तेव्हा तिकीट म्हणजे लाल कार्बनचं चोपडं असायचं. नावातलं एक अक्षर चुकलं की अख्खं तिकीट बाद. १ जून २००८ पासून कागदी तिकीट बंद झालं आणि आमची अर्धी कारकुनी गेली. गिऱ्हाईक मात्र तेच राहिलं. खेड, दापोली, मंडणगड, गुहागर, संगमेश्वर. कुणी दुबईत क्रेन चालवतो, कुणी अबुधाबीत एसी दुरुस्त करतो, कुणी दोह्याला हॉटेलात, कुणी कुवेतला ऑफिसात. आमच्याकडच्या कित्येक गावांत घर चिऱ्याचं असतं, पण त्याला लागलेला पैसा दिरहमाचा असतो. बापाचं तिकीट मी काढलं, आता मुलाचं काढते, अशी तर किती घरं आहेत.

या पंचवीस-सव्वीस वर्षांत मला एक प्रश्न सगळ्यात जास्त विचारला गेलाय. "ताई, विमानं एवढी वाढली, मग ईदच्या आधी दुबईची सीट का मिळत नाही?" बरीच वर्षं मी "मोसम आहे" एवढंच सांगायचे. मग मी स्वतः वाचायला लागले, आणि कळलं की मोसमाच्या मागे एक मडकं आहे. त्या मडक्याबद्दल हे पत्र आहे.

आपल्याला हे शिकवायची गरज नाही, पण पत्र खुलं आहे, तेव्हा वाचणाऱ्यांसाठी सांगते. एखाद्या विमान कंपनीकडे विमान आहे, वैमानिक आहे आणि गिऱ्हाईक रांगेत उभं आहे, म्हणून तिला मुंबईहून दुबईला उडता येत नाही. १९४४ साली शिकागोत जो करार झाला त्यानं प्रत्येक देशाचं आकाश त्या देशाच्या मालकीचं ठरवलं. ठराविक वेळापत्रकाची विमानसेवा दुसऱ्या देशात न्यायची तर त्या देशाची परवानगी हवी. म्हणून दोन सरकारं बसतात आणि ठरवतात: आठवड्याला तुमच्या कंपन्यांच्या इतक्या जागा, आमच्या कंपन्यांच्या इतक्या, आणि तुम्ही आमच्या फक्त या-या शहरांत उतरायचं. जागांचा तो ठरलेला आकडा म्हणजेच माझं मडकं; धंद्यात त्याला आम्ही 'बायलॅटरल' म्हणतो आणि उतरायच्या शहराला 'पॉइंट ऑफ कॉल'. एसटीच्या काळातलं परमिट आठवावं. रस्ता सरकारचा, गाडी कुणाचीही, पण परमिट नसेल तर गाडी डेपोतच.

दुबईचं मडकं २०१४ च्या सुरुवातीला शेवटचं मोठं झालं. तेव्हा दोन्ही बाजूंना आठवड्याला सुमारे ६५ हजार जागा ठरल्या. शारजा वेगळं, अबुधाबी वेगळं. देश एकच, पण जागांचे हिशोब निरनिराळे. म्हणून तर दुबईची सीट नसली की मी गिऱ्हाइकाला शारजा दाखवते. तिथून पुढे बस आहे, टॅक्सी आहे. पण त्या ६५ हजारांना आता दहा वर्षांच्या वर झाली. त्या काळात आपल्या कंपन्यांनी विमानांच्या मागण्या नोंदवल्या त्या शेकड्यांनी: २०२३ च्या फेब्रुवारीत एअर इंडियाची ४७०, त्याच वर्षी जूनमध्ये इंडिगोची ५००. अमिरातीत राहणारे भारतीय ३५ लाखांच्या पुढे गेले. मडकं तेवढंच. सुरुवातीची बरीच वर्षं आपल्या कंपन्यांचा वाटा शिल्लक राहायचा आणि त्यांचा भरायचा. आता दोन्ही वाटे जवळजवळ काठोकाठ आहेत.

२०२२ मध्ये दुबईकडून आपल्या सरकारला पत्र आलं. आठवड्याला आणखी ५० हजार जागा द्या आणि आठ नवी शहरं द्या, अशी मागणी. त्या आठ शहरांत अमृतसर, कन्नूर, कोईम्बतूर वगैरे होती, आणि आमच्या कामाची दोन होती, पुणे आणि गोवा. आपण नाही म्हणालात. म्हणजे आपल्या आधीच्यांनी, पण भूमिका आजही तीच आहे. दुबईची विमान कंपनी एमिरेट्स आज भारतात नऊ शहरांत उतरते. महाराष्ट्रातलं त्यात एकच, मुंबई.

हे वाचून माझ्याच धंद्यातली मंडळी म्हणतील, की बाई परदेशी कंपन्यांची वकिली करायला निघाली. तर आधी सरकारची बाजू मांडते, कारण ती खोटी नाही.

दुबईला उतरणारा प्रत्येक जण दुबईला राहत नाही. मुंबईहून बसलेला माणूस दुबईत दोन तास थांबतो आणि लंडनला, न्यूयॉर्कला, टोरंटोला जातो. तिकीट एकाच कंपनीचं. म्हणजे आपण देतो दुबईच्या जागा आणि विकला जातो तो युरोप-अमेरिकेचा प्रवास. आपल्या कंपन्यांनी लांब पल्ल्याची विमानं घ्यायची, मुंबईहून थेट उडायचं, आणि गिऱ्हाईक मात्र आधीच आखातातून वळून गेलेलं. २००५ नंतर आपण हे हक्क सढळ हातानं वाटले, त्यावर महालेखापरीक्षकांनी २०११ च्या अहवालात ताशेरे ओढले होते. २०१३ मध्ये तर एकाच दिवशी दोन गोष्टी घडल्या: अबुधाबीच्या एतिहादनं जेट एअरवेजचा २४ टक्के हिस्सा २,०५८ कोटींना घ्यायचं जाहीर केलं, आणि भारत-अबुधाबी जागा टप्प्याटप्प्यानं ३६ हजारांहून जास्त वाढवून ५० हजारांपर्यंत न्यायचं ठरलं. सहा वर्षांनी, १७ एप्रिल २०१९ ला, जेट जमिनीवर आली. वाढवलेल्या जागा राहिल्या, जिच्यासाठी वाढवल्या असं म्हणतात ती कंपनी गेली. दुधानं तोंड पोळलंय, म्हणून सरकार ताक फुंकून पितं. समजतं मला. आता एअर इंडिया टाटांकडे आहे, इंडिगोनं २०२५ च्या जुलैत मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅम सुरू केलं. झाड लागत असताना शेळ्या सोडू नयेत, हे कोकणातल्या माणसाला कुणी सांगायला नको.

पण साहेब, माझं गिऱ्हाईक टोरंटोला जात नाही. ते दुबईला जातं आणि दुबईतच उतरतं. तिथल्या सोनापूरच्या कामगार कॅम्पात राहतं, दोन वर्षांनी दोन महिने सुट्टी काढतं आणि तीस किलो लगेजचा काटा दहा वेळा बघतं. त्याला कुणाचं हब, म्हणजे विमान बदलायचं ठाणं, व्हायचं आणि कुणाचं नाही, याच्याशी देणंघेणं नाही. युरोपच्या प्रवाशाला वळण्यापासून अडवायला जी भिंत बांधली, तिच्यावर डोकं याचं आपटतं. ईद, मे महिना, गणपती, डिसेंबर, या चार वेळा भाडं दुप्पट-तिप्पट होताना मी दरवर्षी स्क्रीनवर बघते. सकाळी सांगितलेला भाव दुपारी राहत नाही. गिऱ्हाइकाला वाटतं बाई कमिशन खाते.

एक प्रसंग सांगते, मग पुढे जाते. दापोलीकडच्या एका गावातली आई गेली. पहाटे. मुलगा दुबईला, एकुलता. सकाळी सातला फोन आला, "ताई, काहीपण करा." मे महिना होता. मी मुंबई बघितलं, गोवा बघितलं, शारजा-मुंबई, अबुधाबी-मुंबई, मस्कतवरून वळसा, हैदराबादला उतरून पुढे. त्या दिवसाची एकही सीट मिळाली नाही. दुसऱ्या दिवशीची एक मिळाली ती अहमदाबादची, आणि तिच्या भाड्यात त्याचा महिन्याचा पगार गेला. त्यांच्यात माती त्याच दिवशी करतात. मुलगा तिसऱ्या दिवशी रात्री गावात पोचला. आईच्या मातीला पोचता आलं नाही, हे तो मला नंतर दुकानात येऊन सांगत होता, आणि मी त्याला चहा देत होते, दुसरं काय करणार. यात मी कुणाचा दोष काढत नाही. मरण कुणाच्या वेळापत्रकावर येत नाही. पण त्या दिवशी पन्नास सीट जास्त असत्या तर, हा हिशोब माझ्या डोक्यातून जात नाही.

आता नवी मुंबईकडे येते, कारण आमच्याकडे सगळ्यांच्या आशा तिथे लागल्या आहेत. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला विमानं उडायला लागली. चिपळूणहून रात्री गाडी काढली की मुंबईच्या विमानतळापर्यंत अडीचशे किलोमीटर, आणि तो महामार्ग, ज्याचं रुंदीकरण २०११ पासून चाललंय. (त्याच्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल, दुसऱ्या मंत्र्यांना.) पनवेलला उतरून पुढचं ट्रॅफिक टळणार, म्हणून लोक खूश आहेत. मला रोज विचारतात, "ताई, आता नवी मुंबईहून दुबई स्वस्त होणार ना?"

मी काय सांगू? विमानतळानं वेळा वाढतील. जुन्या मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकीचाच उपयोग, म्हणून तिथं उतरायच्या-उडायच्या वेळाच मिळत नव्हत्या. त्या अडचणीवर नवी मुंबई उत्तर आहे. पण वेळ वेगळी आणि हक्क वेगळा. दुबईच्या जागा दोन सरकारांच्या कागदावर जेवढ्या आहेत तेवढ्याच राहिल्या, तर नवी धावपट्टी बांधून दुबईची एकही सीट वाढत नाही. फक्त ती सांताक्रूझऐवजी उलव्याहून सुटते. विहीर नवी खणली, पाण्याचा कोटा जुनाच.

गोव्यात वेगळी गंमत झाली. मोपा ५ जानेवारी २०२३ ला सुरू झालं आणि सावंतवाडी-कुडाळच्या लोकांच्या अंगणात विमानतळ आला. पण तिथून आखातात जायच्या जागा काही मोपा बांधलं म्हणून जन्माला आल्या नाहीत. परदेशी कंपन्या आल्या त्या दाबोळीहून उठून आल्या. केरळात कन्नूर आहे, ९ डिसेंबर २०१८ ला सुरू झालं, तीन किलोमीटरची धावपट्टी, आजूबाजूचा सगळा मुलूख आखातात नोकरीला. तिथं परदेशी विमान उतरू शकत नाही, कारण कुठल्याच करारात कन्नूर नाही. त्यांच्या खासदारांनी संसदेत हा प्रश्न इतक्या वेळा विचारलाय की मंत्रालयाचं उत्तर मला तोंडपाठ झालंय. परदेशी कंपन्यांना आधीच जास्त शहरं मिळालेली आहेत, समतोल त्यांच्या बाजूला झुकलाय, म्हणून महानगरांबाहेरचं नवं शहर त्यांना सध्या देत नाही. मात्र भारतीय कंपन्या कुठूनही उडायला मोकळ्या आहेत.

हे शेवटचं वाक्य आपणही बोलता, आणि ते खरं आहे. पुण्याहून आपल्याच कंपन्या दुबईला उडतात, बँकॉकला उडतात. कुंभार्ली घाट चढून कराडवरून पुणं आम्हाला वाईट नाही. पण भारतीय कंपनी मोकळी आहे ती मडक्यात तिच्या नावाच्या जागा असतील तर! आणि त्या जागा असल्या तरी ती पुण्याला लावेल की दिल्लीला, हे ती तिच्या फायद्यानं ठरवणार. तिचंही चूक नाही.

मग माझा खरा प्रश्न येतो. परदेशी कंपन्या बाजूला ठेवू. आपल्या वाट्याच्या ज्या जागा आहेत, त्या आपल्याच कंपन्यांत कोण वाटतं आणि कशावरून?

आपण कुस्तीच्या मातीतून आलेले आहात म्हणून या भाषेत विचारते. गावच्या जत्रेत कुस्ती लागते तेव्हा पैलवान कोण ते कळतं, पंच कोण ते कळतं, इनाम किती ते आधी पुकारतात. चितपट झाली की नाही हे हजार माणसं डोळ्यांनी बघतात. निकाल पटला नाही तर लोक तिथल्या तिथे ओरडतात. आणि इथे? एखाद्या देशाच्या हजार-दोन हजार जागा शिल्लक असतात, तीन-चार कंपन्या अर्ज करतात, आणि मला निकाल कळतो तो पेपरातल्या 'सूत्रांनी सांगितलं' या वाक्यात. कुणी किती मागितल्या, कुणाला किती मिळाल्या, ज्याला मिळाल्या नाहीत त्याला का नाही, हे कुठल्या चौकात लावलेलं मी तरी बघितलं नाही.

आणि या कुस्त्या लहान नाहीत. जेट बंद पडली तेव्हा तिचे दुबईचे, दोह्याचे, लंडनचे हक्क इतर कंपन्यांत तात्पुरते म्हणून वाटले. तो उन्हाळा मला आठवतो. एका महिन्यात माझ्या स्क्रीनवरची नावं बदलली, आणि जुन्या तिकिटांचे पैसे मागायला आलेले लोक दुकानात बसून होते. एअर इंडिया सरकारी होती तोवर वाटपाच्या वेळी तिच्या योजनांचा विचार आधी व्हायचा. ती विकल्यावर, २०२२ मध्ये, ते कलम काढलं. चांगलं केलंत. पण त्याच्या जागी काय आलं? नव्या कंपनीचा दावा जुनीच्या दाव्यासमोर कसा तोलतात?

अकासा या नव्या विमान कंपनीचं बघा. २०१६ च्या विमान धोरणानं आधी देशात पाच वर्षं उडायची अट काढून टाकली, पण देशात वीस विमानं किंवा एकूण क्षमतेचा पाचवा हिस्सा, यातलं जे जास्त असेल तेवढं लावल्याशिवाय परदेशी उडायचं नाही, ही अट ठेवली. अकासानं २०२३ च्या ऑगस्टमध्ये विसावं विमान आणलं, २८ मार्च २०२४ ला मुंबई-दोहा सुरू केलं. आधी तिला रियाध, जेद्दा, दोहा, कुवेत मिळाले, पुढे अबुधाबी. या यादीत दुबई नाही. ज्या रस्त्यावर सगळ्यात जास्त माणसं उभी, त्या रस्त्यावर नव्या गाडीला परमिट नाही, कारण जुन्यांच्या नावावर आधीच सगळं चढलेलं. जुन्यांनी प्रामाणिकपणे वापरलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण मडकं वाढलं नाही की जो आत आहे तो आत आणि जो बाहेर आहे तो बाहेर, आणि भाडं ठरवणार आतला. मोठ्या कंपन्या मडकं वाढवायच्या विरोधात बोलतात तेव्हा कारण देशाचं सांगतात. देशाचं असेलही. पण घरात बसलेल्यानं दार बंद ठेवा म्हणणं आणि दारात उभ्या असलेल्यानं म्हणणं यात फरक असतो.

अमेरिकेत हे वेगळ्या रीतीनं करतात. अमेरिकेचं सगळंच घ्या असं माझं म्हणणं नाही, त्यांच्या विमानात पाण्याची बाटली मागितली तर बघतात कशा. पण हे एक घेण्यासारखं आहे.

२०१६ मध्ये क्युबाशी त्यांचं जमलं आणि हवानाच्या रोज वीस फेऱ्या ठरल्या. कंपन्यांनी मागितल्या जवळजवळ साठ. आता साठाच्या वीस करायच्या. त्यांच्या वाहतूक खात्यानं सगळे अर्ज जाहीर केले. कुठल्या कंपनीला कुठल्या शहरातून, किती आसनांचं विमान, किती फेऱ्या, कुठे किती क्युबन माणसं राहतात, सगळं. मग प्रत्येक कंपनीनं दुसरीच्या अर्जावर लेखी आक्षेप घेतले. विमानतळांनी, महापौरांनी, व्यापारी संघटनांनी 'आमच्या शहराला द्या' म्हणून पत्रं पाठवली. जुलैत खात्यानं कच्चा निकाल लावला, कारणांसकट: आठ कंपन्या, आणि सगळ्यात मोठा वाटा फ्लोरिडाला. त्यावर पुन्हा आक्षेप ऐकले आणि ऑगस्टच्या शेवटी पक्का केला. गंमत म्हणजे पुढच्या दीड-दोन वर्षांत त्यातल्या फ्रंटियर, स्पिरिट, अलास्का यांना ते परवडलं नाही. त्यांनी फेऱ्या सोडल्या, आणि सोडलेल्या फेऱ्या पुन्हा अर्ज मागवून वाटल्या.

टोकियोच्या हानेदा विमानतळाची गोष्ट मला याहून आवडते. तिथं अमेरिकी कंपन्यांना मोजून जागा. डेल्टाकडे सिॲटल-हानेदाचा हक्क होता, पण धंदा नव्हता. हक्क जाऊ नये म्हणून तिनं २०१४-१५ च्या हिवाळ्यात नावापुरती अधूनमधून विमानं उडवली. आपल्याकडे जमीन पडीक दिसू नये म्हणून चार दाणे पेरतात तसं! अमेरिकन एअरलाइन्सनं तक्रार केली, की ती वापरत नाही, मला द्या, मी लॉस एंजेलिसहून रोज उडते. खात्यानं मार्च २०१५ मध्ये सांगितलं: डेल्टाकडेच ठेवा, पण रोज उडवा, नाहीतर गेलं. तीन महिन्यांत डेल्टानं हक्क सोडून दिला. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसहून विमान सुरू झालं. पुढे २०१९ मध्ये हानेदाच्या आणखी बारा जोड्या (एक उतरायची वेळ, एक उडायची) आल्या, चार कंपन्यांनी मिळून एकोणीस मागितल्या, आणि ते वाटपही असंच सगळ्यांसमोर झालं.

हे सगळं मी, चिपळूणला बसून, फोनवर वाचू शकले. माझ्या स्वतःच्या देशाच्या जागांचं नाही वाचू शकत.

तर मागणं असं आहे. पुढच्या वेळी आपल्या वाट्याच्या जागा वाटाल, मग त्या दुबईच्या असोत की कुवेतच्या, तेव्हा अर्ज मंत्रालयाच्या संकेतस्थळावर लावा. कुवेत म्हणते कारण तिथलं मडकं २०२५ च्या जुलैत अठरा वर्षांनी वाढलं, आठवड्याला १२ हजारांचं १८ हजार झालं. म्हणजे वाढवता येतं, हे आपण स्वतःच दाखवून दिलंय. आपल्या वाट्याच्या वाढीव जागा कुणाला, कुठल्या शहरातून, एवढं तरी कारणांसकट छापा. कंपनीचा धंद्याचा गुपित आकडा झाकून ठेवा, हरकत नाही. पण शहराचं नाव, फेऱ्या, विमानाचा आकार झाकण्यासारखं काय आहे?

निकाल लावताना भाड्याचा विचार करा, आणि तो कसा केला ते लिहा. ज्या मार्गावर दोनच कंपन्या आहेत तिथं तिसरी आणणं, हे पहिल्या दोघींच्या ताफ्याएवढंच वजनाचं धरा. हिवाळी आणि उन्हाळी वेळापत्रक बदलतं तेव्हा, म्हणजे ऑक्टोबर आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी, प्रत्येक देशाच्या किती जागा वापरल्या आणि किती पडून राहिल्या याचा तक्ता लावा, कंपनीनिहाय. नावापुरते दाणे पेरणारा कोण ते लोकच सांगतील.

आणि दुबईबद्दल. मला माहीत आहे की ५० हजार एकदम देणार नाही, आणि देऊही नका. पण सगळं किंवा काहीच नाही, असं का? मोठी दोन मजली विमानं मुंबईसारख्या महानगरांत येतात आणि तिथूनच लंडनचा प्रवासी उचलतात. ज्या शहरांची नावं त्या पत्रात होती, पुणं, गोवा, कन्नूर, तिथं लहान विमानांच्या, एकाच वर्गाच्या मोजक्या फेऱ्या देता येतील. दोन्ही बाजूंच्या कंपन्यांना सारख्या, आणि तीन वर्षांनी पुन्हा तपासून बघायच्या. पुण्याची धावपट्टी हवाई दलाची, तिच्यावर तसंही दोन मजली विमान येणार नाही. लंडनचा प्रवासी त्यातून थोडा गळेल, हे मान्य आहे. पण दापोलीचा मुलगा वेळेत पोचेल. दोन्ही तागडीत घालून आपणच सांगा काय जड आहे. आपण म्हणालात की लंडनचा प्रवासी जड, तर तेही कारणांसकट लिहून द्या, मी वाचीन, आणि माझ्या गिऱ्हाइकांना वाचून दाखवीन.

आमच्या रत्नागिरीकडे, रायगडाकडे केरळसारखी आखातवाल्यांची संघटना नाही, मोर्चा नाही. खासदारांना आम्ही रस्त्याबद्दल विचारतो, रेल्वेच्या थांब्याबद्दल विचारतो, विमानाच्या जागेबद्दल विचारत नाही, कारण ती कुणाच्या हातात आहे तेच ठाऊक नसतं. आमचाच दोष. त्याची सुरुवात म्हणून हे पत्र.

पत्र स्पीड पोस्टनं पाठवते आहे, पोच जपून ठेवीन. उत्तर मराठीत आलं तर बरं होईल. दुकानात काउंटरच्या मागे काचेखाली लगेजच्या वजनाचा तक्ता लावलेला आहे, त्याच्या शेजारी लावायला जागा ठेवली आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
चिपळूणची एक तिकीटवाली